एका बाजूचं दार

आमच्या विभागाचं चर्चासत्र दर गुरुवारी दुपारी साडेतीनला असायचं. दादरच्या एका जुन्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत. विषय कॉम्बिनेटोरिक्स आणि ग्राफ थिअरी. घरी बाबांना मी सांगायचे, टिंबं काढायची, त्यांना रेघांनी जोडायचं आणि मग मोजत बसायचं. ते म्हणायचे, "ह्यासाठी पगार देतात?" मी म्हणायचे, पगार कॉलेजात शिकवायचा देतात, हे वेगळं.

मी परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं होतं. चर्चासत्राला बारा-पंधरा माणसं जमत. बरेचसे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. एक निवृत्त प्राध्यापक पहिल्या बाकावर बसायचे, दहाव्या मिनिटाला डोळे मिटायचे आणि शेवटी सगळ्यात नेमका प्रश्न विचारायचे. भाषण इंग्रजीत, चहा मराठीत.

आमचे गाईड, त्यांना मी नुसतं सर म्हणते, पाठ दुखते म्हणून मागच्या खिडकीपाशी उभे राहायचे. गिरगावात वाढलेले, तिथेच राहणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. फळ्यापाशी कोणी "हे तर उघडच आहे" असं म्हणालं की मागून त्यांचा आवाज यायचा, "उघड आहे म्हणजे तू बघितलंयस का?" त्या एका प्रश्नाला सगळे टरकून असत. गेल्या बावीस वर्षांत त्यांचा एकही गुरुवार चुकला नव्हता, असं कॉलेजातली माणसं सांगायची.

दुसऱ्या वर्षी ते मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझं भाषण. थिअरम नंतर. आधी एक खरं उदाहरण आण, तुझ्या वडिलांना कळेल असं."

उदाहरणात मी राहतच होते. लालबागमधली आमची चाळ, तळमजला आणि वर तीन मजले. पुनर्विकासाचं सगळं ठरलं होतं, पाच महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. इतक्या वर्षांत चाळीला कसलीही शिस्त राहिलेली नव्हती. कोणी शेजारची खोली घेऊन मधली भिंत फोडलेली, कोणी मागच्या गॅलरीत दार काढलेलं, कोणी काढलेलं दार परत बुजवलेलं. मी ठरवलं, प्रत्येक खोली म्हणजे एक टिंब. पुढची गॅलरी, मागची गॅलरी, जिना, रस्ता, हीसुद्धा टिंबंच. दोन जागांमध्ये दार असलं की रेघ. आणि सुरुवात करायची ती ह्या विषयातल्या सगळ्यात सोप्या नियमापासून. प्रत्येक दाराला दोन बाजू असतात. ह्या खोलीतून मोजलेलं दार पलीकडच्या जागेतूनही मोजलं जातं. म्हणून प्रत्येक जागेला किती दारं आहेत ते लिहून सगळ्याची बेरीज केली, की ती सम आलीच पाहिजे. कुठल्याही इमारतीत, कुठल्याही गावात.

दोन रविवार मी वही घेऊन खोली-खोली फिरले. लोकांना वाटलं बिल्डरचं काम करते आहे, काहींनी चहा दिला, काहींनी पायरीवरूनच आकडा सांगितला. सोमवारी स्टाफरूममध्ये बसून बेरीज केली. दोनशे सत्तेचाळीस.

परत केली. दोनशे सत्तेचाळीस.

मला हसू आलं. असं कुठेतरी चुकतंच. पुढच्या शनिवारी मी सगळे मजले पुन्हा फिरले, ह्या वेळी आधीचे आकडे न बघता. पुन्हा दोनशे सत्तेचाळीस. एकाही ओळीत फरक नव्हता.

गुरुवारी चहाच्या वेळी सरांना वही दाखवली. त्यांनी उभ्या-उभ्या सगळी पानं चाळली. "म्हणजे एक दार असं आहे, जे एका बाजूनं मोजलंय आणि दुसऱ्या बाजूनं नाही."

"असं दार कसं असेल, सर?"

"ते मला कसं माहीत असणार? ह्यातले आकडे तू बघून किती लिहिलेस आणि ऐकून किती?"

ऐकून लिहिलेल्या खोल्या सात निघाल्या. सहा मी दोन संध्याकाळींत बघून आले, सगळे आकडे बरोबर होते. उरली सातवी. ती आमच्याच मजल्यावरची, टोकाची, आमच्या भिंतीला भिंत असलेली. तिथे एक काकी एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान आणि माझे बाबा एकाच मिलमधले, गावंही कोकणात जवळजवळ, पण आमच्याकडे त्यांच्याशी बोलणं नव्हतं. का, ते मी लहानपणी आईला एकदा विचारलं होतं. "पटत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि त्या खोलीत पाय ठेवायचा नाही ही ताकीद इतकी जुनी होती की आई जाऊन चार वर्षं झाली तरी मी ती पाळत होते. दोन्ही फेऱ्यांत मी काकींना गॅलरीतूनच विचारलं होतं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "तीन."

एक पुढचं, एक मागच्या गॅलरीतलं. त्या रांगेत टोकाच्या खोलीला तिसरं दार असायला जागाच नव्हती. एकीकडे बाहेरची भिंत, दुसरीकडे आम्ही.

कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी मी गेले. तीन वाजून गेले होते. काकी दाराशी सुपारी कातरत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण ताठ. मी म्हटलं, "काकी, ते तिसरं दार बघायचं होतं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ये गो."

पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत गेले. आमच्यासारखीच खोली, फक्त आरशात बघितल्यासारखी उलटी. आमच्या बाजूच्या भिंतीवर जुन्या नऊवारीचा पडदा टांगलेला होता. काकींनी तो सरकवला. मागे हिरव्या रंगाचं, एका फळीचं, बुटकं दार. रंग पोपडे धरून सुटलेला, पण कडी चकचकीत, तेल घातलेली.

"ह्यो तुजो दरवाजो," त्या म्हणाल्या.

त्यांनी कडी काढली. दार आवाज न करता उघडलं. मागे विटा होत्या. गवंड्यानं पलीकडून, म्हणजे आमच्या खोलीतून, भिंत बांधली असणार, कारण विटांच्या फटींतून सिमेंट ह्या बाजूला ओघळून तसंच सुकलेलं होतं. खडबडीत, फुगलेलं. फक्त खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, हातभर जागा गुळगुळीत झालेली होती. देवळाच्या पायरीचा मधला भाग होतो तशी. मी वाकून हात लावला आणि काढून घेतला.

"हे कोणी घासलं, काकी?"

"मी नाही. माझा हात इतक्या खाली कशाला जाईल?"

मग त्या खाटेवर बसल्या आणि मला समोर बसवून सांगू लागल्या. इतकी वर्षं लालबागेत राहून त्यांची भाषा मुंबईची झाली होती, मालवणी फक्त मधूनच डोकावायची.

"तुझी आई तेव्हा रे रोडला औषधांच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. तुझ्या बापाला रातपाळी. मला मूल नव्हतं. तुझी आई सकाळी तुला माझ्याकडे ठेवून जायची. हे दार तेव्हा उघडंच असायचं, दोन घरं अशी नव्हतीच. दुपारी तुला जेवू घालून मी पलीकडे तुझ्या बापाच्या शेजारी गोधडीवर झोपवायची आणि इकडे येऊन कडी लावायची, तू उठून चुलीपाशी येशील म्हणून. साडेतीन वाजले की तू उठायचीस. रडायची नाहीस. दाराशी येऊन थापा मारायचीस, अश्या, उघड्या पंज्यानं. मी कडी काढायची."

"मग?"

"मग काय. एकदा संध्याकाळी तुझी आई न्यायला आली, तर तू जाईनास. माझा पदर धरून मला आई म्हणालीस. दोनदा म्हणालीस. तिनं नोकरी सोडली. आणि रविवारी तुझ्या बापानं गवंडी आणला."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. अडीच वर्षांची मी त्यांच्या हातचं रोज जेवले, आणि पुढे पस्तीस वर्षं गॅलरीत समोर आल्या की मान वळवत राहिले.

काकी दाराकडे बघत होत्या. "दुसऱ्या दिवशी साडेतीनला थाप आली."

"मी असेन पलीकडे."

"मलाही तेच वाटलं. मी कडी काढली, तर ह्या विटा. रडू आलं, गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली बघते तर तू आईचा हात धरून फाटकातनं आत येत होतीस. सकाळपासून तुम्ही भोईवाड्याला देवळात गेला होता. तुझ्या हातात फुगा होता."

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी भांडी घासत होतं.

"तू यायची बंद झालीस," काकी म्हणाल्या, "थाप नाही बंद झाली."

"रोज?"

"रोज. तू शाळेत असायचीस तेव्हा. मे महिन्यात गावाला जायचीस तेव्हापण. एकदाच पाच दिवस आली नाही. तुला कावीळ झाली होती, हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी तुझ्या आईला जिन्यात गाठून विचारलं, पोर कशी आहे? ती बोलली नाही. सहाव्या दिवशी आली, पण हळू."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"पोरीच्या थापेची कसली भीती?"

"मग रोज कडी कशाला काढता?"

"काढल्याशिवाय थांबत नाही."

त्यांनी हे चहा उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करतात तितक्या सहज सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीनला चार मिनिटं होती. मला उठून जायचं होतं. आम्ही दोघी त्या दाराकडे तोंड करून बसलो. काकींनी ते लावून घेतलं होतं, कडी घातली होती. साडेतीन झाले. पावणेचार झाले. काही नाही. चारला काकी चहा ठेवायला उठल्या.

"आज आली नाही," मी म्हटलं. आवाजात सुटका होती, मलाच ऐकू आली.

काकींनी वळून माझ्याकडे बघितलं, लहान मुलाला बघतात तसं. "तू हयसर आसस," त्या म्हणाल्या. "मगे थाप कोण मारतलो?"

मी इथे बसले आहे, मग थाप मारणार कोण. चहा न घेताच मी घरी आले. घर म्हणजे सहा पावलं. आत बाबा टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या मागे ती भिंत, तिला टेकून आमचं लोखंडी कपाट. मला आठवतं तेव्हापासून ते तिथेच होतं, कधी हललेलं मी बघितलं नव्हतं.

"बाबा, कपाटामागे दार होतं?"

"होतं. तुझ्या आईला नको होतं. बंद केलं." मग त्यांनी आवाज वाढवला.

सरांना मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण बेरीज का चुकली ते विचारल्यावर अर्धवट सांगता येईना. कॉलेजखालच्या टपरीवर त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये फक्त उंची विचारली, वेळ विचारली, जवळून पाण्याचा पाइप जातो का ते विचारलं.

"दुपारी पश्चिमेचं ऊन येत असेल त्या खोलीत. जुनं लाकूड तापतं, वाजतं," ते म्हणाले.

"मी असले की तापत नाही?"

ते हसले. "एकदा बघायला हवं. तू नसताना. आणि तू कुठे आहेस हे नक्की माहीत असताना." पेला ठेवता ठेवता म्हणाले, "भाषणात ते दार वगळ. आज तिथून कोणी जाऊ शकत नाही, म्हणजे रेघ नाही. दोनशे सेहेचाळीस. प्रश्न मिटला."

भाषणाच्या गुरुवारी बाबा आले. मी सहज विचारलं होतं, चाळीवर आहे म्हटल्यावर तयार झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खोलीला कुलूप लावून माझ्याबरोबर निघाले आणि शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. साडेतीन झाले तरी सर खिडकीपाशी नव्हते. सगळे एकमेकांकडे बघू लागले. निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "सुरू करा. ते येतील."

मी दुसऱ्या मजल्याचं चित्र काढायला फळ्याकडे वळले. खोल्यांची टिंबं काढून झाली, आणि पुढचं वाक्य गेलं. इंग्रजीतलं गेलं, मराठीतलंही गेलं. मी डावा पंजा फळ्यावर टेकवून उभी होते आणि तो उचलायचा कसा ते मला कळत नव्हतं. मागे कोणीतरी खोकलं. कोणी पंखा वाढवला. किती वेळ गेला असेल माहीत नाही, नंतर एका विद्यार्थिनीनं सांगितलं, मिनिटभर तरी. मग वाक्य परत आलं, मी वळले आणि पुढचा अर्धा तास व्यवस्थित बोलले. चाळीचा नकाशा बघून मुलं हसली. बेरीज विषम आली हे सांगितल्यावर सगळे सावरून बसले. मी म्हटलं, एक दार एकाच बाजूनं मोजलं गेलं होतं, ते पूर्वीच बंद झालंय, म्हणून वगळलं.

पहिल्या बाकावरच्या प्राध्यापकांनी डोळे उघडले. "वगळायचं की धरायचं, हे कशावरून ठरवलंत?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दार ढकलून सर आत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. खिडकीपाशी न जाता ते बाबांच्या शेजारी बाकावर बसले. सरांना बसलेलं आम्ही कोणी कधी बघितलं नव्हतं.

"धर," ते म्हणाले.

"सर?"

"ते दार धर. दोन्ही बाजूंनी. दोनशे अठ्ठेचाळीस."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. टाळ्या वाजल्या, थर्मास उघडला गेला. सर, बाबा आणि मी बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. सरांनी हातातला कप न पिताच कठड्यावर ठेवला.

"मी तीनला तुमच्या चाळीत पोचलो," ते म्हणाले. "तू इथे पंधरा माणसांसमोर असणार, ह्याहून पक्की वेळ मिळाली नसती. तुमच्या खोलीला कुलूप होतं, मी हलवून बघितलं. मागच्या दारालाही आतून कडी. काकींना तुझं नाव सांगितलं, त्यांनी बसायला खुर्ची दिली."

"आणि?"

"साडेतीन वाजून तीन-चार मिनिटांनी. आधी सात थापा. काकी म्हणाल्या, काढा कडी. मी मुद्दाम नाही काढली, बघू थांबतं का. थांबलं नाही. वाढत गेलं. दाराची फळी हलताना दिसत होती. त्या बाई उठायला लागल्या तेव्हा मीच काढली. काढली आणि बंद. समोर विटा."

"आवाज कुठून येत होता?" मी विचारलं.

"खालून. वाकून बघावं लागलं."

बाबा इतका वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. तसेच, न वळता, म्हणाले, "आम्हाला थाप कधी नाही ऐकू आली. आम्हाला कडी ऐकू यायची. रोज दुपारी, भिंतीतून. मला वाटायचं, ती चिडवते आहे. तुझ्या आईला वाटायचं, बोलावते आहे. म्हणून ते कपाट लावलं. तरी यायचीच. तुझी आई त्या वेळेला घरात थांबायचीच नाही, काहीतरी आणायला म्हणून खाली जायची. आजारी पडली तेव्हा जाता येईना. तेव्हा कानावर उशी घ्यायची."

मला आईची ती उशी आठवत होती. मी समजत होते की तिला पंख्याचा वारा सोसत नाही.

त्यानंतर सर त्या गोष्टीबद्दल माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. प्रबंधात मी त्या दाराला रेघ दिली, त्यांनी ते पान सही करून परत दिलं. खिडकीपाशी मात्र ते पुन्हा उभे राहू लागले, आणि कोणी "उघडच आहे" म्हटलं की गप्प बसू लागले. त्याचं सगळ्यांना आश्चर्य वाटायचं.

खोल्या रिकाम्या करायच्या आठवड्यात काकींनी पहिल्यांदा बाबांना हाक मारली. गॅलरीत, सगळ्यांदेखत. म्हणाल्या, "जाताना ती भिंत तेवढी काढ. तूच घातलीस, तूच काढ." दुसऱ्या दिवशी बाबा चिंचपोकळीच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून छिन्नी आणि हातोडा घेऊन आले. आम्ही दोघांनी कपाट ओढलं. मागची भिंत इतर भिंतींपेक्षा जुन्या रंगाची होती, फिकट निळी. बाबा खालच्या अंगापासून फोडू लागले. पंचाहत्तरीचा माणूस, मी मध्ये हातोडा घेऊ पाहिला तर माझा हात झटकला. दीड तासात मला वाकून जाता येईल एवढी वाट झाली. पलीकडे हिरवी फळी दिसू लागली, बंद. काकींनी त्यांच्या बाजूनं कडी घातली होती.

साडेतीनला थोडा वेळ होता. कोणीच काही ठरवलं नव्हतं. बाबा विटांच्या ढिगाऱ्यावर बसले, घाम पुसत. मी गुडघ्यांवर बसले, कारण उभं राहायला जागाच नव्हती, आणि पंजा उघडा करून फळीवर ठेवला. मारायला धीर होईना. मारला तेव्हा आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा आला. मी पुन्हा मारला. पुन्हा.

पलीकडे कडी निघाली. दार आत गेलं. काकी समोर उभ्या होत्या आणि त्यांची नजर खाली होती, सरळ खाली, दोन-अडीच वर्षांच्या मुलाचं डोकं असेल तिथे. माझा चेहरा नेमका त्याच उंचीवर होता. त्यांना मी दिसत होते की आणखी कोण, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. त्यांचा हात पुढे आला, माझ्या केसांवरून फिरला, आणि मग त्या एकदम दचकून मागे झाल्या, जणू केस त्यांच्या अपेक्षेपेक्षा निराळे निघाले.

"इलंस?" त्या म्हणाल्या.

मी "आले" म्हटलं आणि वाकून आत गेले.

त्यानंतर चार दिवस आम्ही तिथे होतो. थाप आली नाही. भोकातून एका घरातली खाट दुसऱ्या घराला दिसू लागली. बाबांना उघड्या अंगानं बसायची सोय राहिली नाही, म्हणून त्यांनी तिथे चादर टांगली, आणि काकींनी चादरीआडून त्यांना दोनदा आमटी दिली. मला वाटलं होतं, काकींना मोकळं वाटेल. तसं झालं नाही. दुपारी जेवण झाल्यावर त्या घड्याळाकडे बघत बसायच्या, साडेतीन वाजून जायचे, आणि त्या उठून उगाच कडीला तेल घालायच्या. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "ती आत आली असेल तर दिसत का नाही?" मी म्हटलं, मी आहे ना. त्या म्हणाल्या, "तू आहेस गो. तू आहेसच."

आता चाळीच्या जागी पत्रे लावलेले आहेत आणि आत खोल खड्डा आहे. बाबा आणि मी काळाचौकीला भाड्यानं राहतो. काकींना भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. मी जमेल तशी दुपारची जाते, जेवण घेऊन. नवी इमारत आहे, भिंती जाड आहेत, शेजारी कोण राहतं ते दोघींनाही माहीत नाही. काकी टीव्ही मोठ्यानं लावून बसतात. मी आवाज कमी केला की त्या परत वाढवतात. मागच्या आठवड्यात मी विचारलं, "काकी, इतका मोठा कशाला?"

"हयसर काय्येक ऐकाक येना नाय," इथे काहीच ऐकू येत नाही, असं त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.